थर लावायला बक्षीस, उतरवायला काहीच नाही

गोपाळकाला जवळ आला की रायगडच्या तालुक्यातालुक्यांत बॅनर चढतात. माणगाव, रोहा, महाड, म्हसळा, कुठेही बघा, बॅनरवर तीन गोष्टी ठळक असतात: नेत्याचा फोटो, बक्षिसाची रक्कम आणि थरांचा आकडा. खाली गाद्या असणार का, रुग्णवाहिका उभी राहणार का, हे सहसा कुठे लिहिलेलं नसतं.

कोकणातला जुना गोविंदा वेगळा होता. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून वाडीतून घरोघर नाचत जायचं, अंगणात अंगावर पाणी घ्यायचं आणि वाटेत लागेल ती हंडी दोन-तीन थरांत फोडायची. खाली पावसाने भिजलेली माती असायची. आता हंडी बाजारपेठेत क्रेनला लटकते, खाली डांबर किंवा काँक्रीट असतं आणि थर चार-पाच मागितले जातात. म्हणजे हंडी मुंबई-ठाण्याची आणि तयारी गावची, असा हा मामला आहे.

मुंबईची नावाजलेली पथकं गुरुपौर्णिमेला सराव सुरू करतात. तेव्हापासून दहीहंडीपर्यंत सव्वा महिना मिळतो. त्यात कोण कुठल्या थरावर, कोणाचं वजन कोणाच्या खांद्यावर, हे पक्कं होतं. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने 2012 मध्ये ठाण्यात 43.79 फुटांचे नऊ थर लावून गिनीजमध्ये नोंद केली. 2025 मध्ये कोकण नगर पथकाने ठाण्यातच दहा थर लावले. मोबाईलवर दिसतात ते हे दहा थर, त्यामागच्या रात्री दिसत नाहीत. तालुक्याच्या पथकातली निम्मी पोरं कामाला मुंबई-पुण्यात. ती आदल्या दिवशी एसटीने उतरतात आणि दुसऱ्या दिवशी पाचव्या थराची भाषा करतात.

थोडा हिशेब मांडू. नऊ थरांना 43-44 फूट, म्हणजे एका थराला सुमारे पाच फूट. चौथ्या थरावरच्या पोराचे पाय 13-14 फुटांवर असतात. तिथून खाली यायला एक सेकंदही लागत नाही आणि जमिनीवर आदळताना वेग ताशी तीस किलोमीटरच्या वर असतो. बाईकवरून हेल्मेटशिवाय पडलं तर काय होतं, हे महामार्गालगतच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. इथे तर पडणारा सर्वांत लहान असतो.

कायद्याचं म्हणाल तर गोंधळ जुना आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये उंचीला 20 फुटांची आणि वयाला 18 वर्षांची मर्यादा घातली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सैल करायला नकार दिला. 2017 मध्ये प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयात आलं. 14 वर्षांखालची मुलं थरात नसतील ही सरकारची हमी न्यायालयाने मान्य केली. उंचीवर बंधन घालणं मात्र विधिमंडळाचं काम म्हणून सोडून दिलं. म्हणजे आज उंचीला न्यायालयाची मर्यादा नाही, वयाला आहे. ती किती पाळली जाते? 2025 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या उपनगरात सराव करताना 11 वर्षांचा मुलगा थरावरून पडून दगावला.

सरकारने जोर दिला तो विम्यावर. 2023 मध्ये 50 हजार गोविंदांना विमा होता, 2025 मध्ये दीड लाखांना. मृत्यू झाला तर कुटुंबाला 10 लाख रुपये. मदत चांगलीच आहे, पण विमा पडल्यानंतरचा. पडू नये म्हणून काय, याचं उत्तर त्या अर्जात नाही.

ते उत्तर दुसरीकडे शोधलं गेलंय. चीअरलीडर म्हटलं की आपल्याकडे आयपीएलच्या सीमारेषेवर नाचणाऱ्या मुली आठवतात. अमेरिकेतलं चीअरलीडिंग त्याहून अवघड आहे: तिथे मुली एकमेकींच्या खांद्यावर चढतात, हवेत फेकल्या जातात आणि खालच्यांनी त्यांना झेलायचं असतं. शाळकरी मुलींच्या खेळांतल्या अतिगंभीर दुखापतींपैकी निम्म्याहून जास्त एकेकाळी याच प्रकारात होत्या. मग नियम कडक झाले. शाळांमध्ये मनोरा दोन माणसांच्या उंचीवर जात नाही, कॉलेजात अडीच. मुलीला उंच फेकायचं तर खाली मॅट किंवा गवत हवंच, कडक फरशीवर 2006 पासून बंदी. खालची पायरी जमल्याशिवाय वरची करून बघायची नाही. झेलायला ठेवलेल्या माणसाने दुसरं काही करायचं नाही, नजर वरच. यानंतर गंभीर दुखापती घटल्या.

स्पेनमधल्या कॅटलोनियाचे मानवी मनोरे तर आपल्या हंडीचे सख्खे भाऊ शोभतील. 2010 मध्ये युनेस्कोने त्यांना वारशाच्या यादीत घेतलं. 2006 मध्ये तिथे एका मुलीचा पडून मृत्यू झाला, तेव्हापासून वरच्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. पायाभोवती शेकडो माणसं दाटीने उभी असतात. तीच आधार आणि तीच गादी. पण खरी शिकण्यासारखी गोष्ट गुणांची आहे. मनोरा पूर्ण होऊन मग कोसळला तर गुण कमी. लावला आणि नीट उतरवला, तरच पूर्ण गुण.

आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. मटकी फुटली की डीजे वाढतो, वरून टँकरचं पाणी सुरूच असतं, दह्या-ताकाने खांदे निसरडे झालेले असतात आणि खालचे दोन थर नाचायच्या मूडमध्ये. उतरणाऱ्याकडे कोणाचं लक्ष नसतं. शिट्टी वाजवणाऱ्या म्होरक्याचा आवाज त्या डीजेत जातो कुठे?

शहराबाहेर हा धोका जास्त महाग पडतो. पोलादपूरच्या बाजारात पोरगं डोक्यावर पडलं तर ग्रामीण रुग्णालयात मलमपट्टी होईल. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बहुतेक वेळा पनवेल-मुंबई गाठावी लागते. सव्वाशे किलोमीटरच्या वर अंतर, आणि मुंबई-गोवा महामार्गाबद्दल वेगळं सांगायला नको. त्यात पडलेल्याला चौघे हातपाय धरून उचलतात आणि जीपमध्ये टाकतात. मानेला मार असेल तर त्याच धक्क्याने तो आयुष्यभर अंथरुणाला खिळू शकतो. डोकं-मान न हलवता तिथेच ठेवणं आणि 108 ची वाट बघणं हे पथकातल्या दोघा-तिघांना तरी शिकवलेलं हवं.

सणाआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. त्यात डीजेची वेळ आणि मिरवणुकीचा रस्ता ठरतो. त्याच बैठकीत आयोजकांकडून चार गोष्टी लिहून घेता येतील: हंडीखाली गाद्या, वरच्या दोन थरांना हनुवटीला पट्टा बांधलेलं हेल्मेट, थर चढल्यापासून शेवटचा माणूस उतरेपर्यंत डीजे आणि पाणी बंद, आणि बक्षिसाची रक्कम सगळे थर उतरल्यावरच जाहीर. पहिल्या दोन गोष्टींना थोडा खर्च आहे. शेवटच्या दोन फुकट आहेत, आणि माईक आयोजकाच्याच हातात असतो.