कोळ्याला नाव मिळाले. वनाला संरक्षण केव्हा?

पश्चिम घाटातील वनांमधून कोळ्यांच्या नव्या प्रजाती आढळल्याची वृत्ते गेल्या काही वर्षांत वारंवार येऊ लागली आहेत. अशा वृत्तांचे कौतुकाने स्वागत होते, नावामागची कथा सांगितली जाते आणि चार दिवसांत विषय मागे पडतो. वास्तविक प्रजातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध होणे ही तिच्या संरक्षणाच्या प्रवासातील केवळ पहिली पायरी होय. त्यापुढील पायऱ्यांकडे आपले कितपत लक्ष आहे, हा खरा प्रश्न आहे.

या संदर्भात २०१६ मध्ये वर्णन झालेल्या ‘एरिओव्हिक्सिया ग्रिफिंडोरी’ या कोळ्याचे उदाहरण उद्बोधक आहे. कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्याच्या कान वनक्षेत्रात तो आढळला. जावेद अहमद, राजश्री खळप आणि सुमुख जवगल या तीन अभ्यासकांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हे वर्णन मादीच्या नमुन्यावर आधारित असून तिची लांबी सुमारे ७ मिलिमीटर आहे. शरीराचा मागील भाग निमुळता होत टोकाशी किंचित वळलेला असल्याने हा कोळी वाळलेल्या पानासारखा दिसतो. रात्री जाळे विणणारा हा जीव दिवसा सुकल्या पाचोळ्यात सहजी ओळखू येत नाही. हॅरी पॉटरच्या कथांमधील जादूच्या टोपीशी असलेल्या साधर्म्यावरून, त्या टोपीच्या मूळ मालकाचे नाव या कोळ्याला देण्यात आले. कथांच्या लेखिका जे. के. रोलिंग यांनीही अभ्यासकांचे जाहीर अभिनंदन केले. एरवी कोणाच्या लक्षात न येणाऱ्या प्राण्याकडे जगाचे लक्ष वेधण्याचा अभ्यासकांचा हेतू त्यामुळे सफल झाला.

ज्या वनात हा कोळी सापडला, त्याची ओळख मात्र अशी दूरवर पोहोचली नाही. मलेनाडू प्रदेशातील ‘कान’ म्हणजे गावांच्या आसपास परंपरेने राखलेले सदाहरित वनांचे तुकडे. महाराष्ट्रातील देवरायांशी त्यांचे जवळचे नाते आहे. देवतेच्या श्रद्धेमुळे तेथील वृक्षांवर कुऱ्हाड चालत नसे. मिरीसारखे वनोत्पादन घेतले जाई आणि ओढ्यांचे उगमही टिकून राहत. ब्रिटिश राजवटीत अनेक ठिकाणी गावांचे पारंपरिक अधिकार आकुंचित झाले. पुढे शेती, लागवडी आणि रस्ते यांमुळे हे तुकडे आणखी विरळ झाले. पाचोळ्याचे रूप घेणाऱ्या कोळ्याला घनदाट सावली, ओलावा आणि पाचोळ्याने भरलेली झुडपे लागतात. त्या वनावाचून त्याच्या सोंगाला अर्थ उरत नाही.

नव्या प्रजातीचे वर्णन करणे हे काम दिसते तितके सोपे नाही. कोळ्यांचा रंग वय आणि लिंग यांनुसार बदलतो. त्यामुळे जवळच्या प्रजातींमधील भेद बहुधा सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना पाहूनच निश्चित करावा लागतो. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वर्णनांशी आणि परदेशी संग्रहालयांतील मूळ नमुन्यांशी तुलना करावी लागते. भारतीय कोळ्यांच्या अभ्यासाचा पाया घालणारा रेजिनाल्ड पोकॉक यांचा ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्योत्तर काळात बिनयकृष्ण टिकादार यांनी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत राहून हे कार्य पुढे नेले. कोळ्यांच्या जागतिक सूचीने २०२२ मध्ये ५० हजार प्रजातींचा टप्पा ओलांडला. सूचीत अजूनही दरवर्षी भर पडत असल्याने अज्ञात प्रजातींची संख्या मोठी असणार, हे उघड आहे.

ही नोंद केवळ शास्त्रज्ञांच्या समाधानासाठी नसते. कायदा आणि प्रशासन यांना ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याचे रक्षण करता येत नाही. कोणत्याही संरक्षित सूचीत नाव घालायचे, तर आधी नाव असावे लागते. जैविक विविधता अधिनियम, २००२ मधील कलम ३९ नुसार नवी प्रजाती शोधणाऱ्याने तिची माहिती निर्धारित संस्थेला कळवून नमुना तेथे जमा करणे आवश्यक आहे. शोधाची नोंद कशी व्हावी, हे कायद्याने असे निश्चित केले आहे. शोधानंतर त्या अधिवासाचे काय करावे, याविषयी मात्र अशी आपोआप लागू होणारी तरतूद नाही.

नाव आणि संरक्षण यांतील अंतर किती मोठे असू शकते, हे आंध्र प्रदेशातील एका निळ्या कोळ्याच्या इतिहासावरून दिसून येते. ‘पोसिलोथेरिया मेटॅलिका’ या प्रजातीचे वर्णन पोकॉक यांनी १८९९ मध्ये केले. गुटी येथील रेल्वेच्या लाकूड डेपोत सापडलेला एकच नमुना त्यास आधारभूत होता. हा प्राणी मूळचा कोणत्या वनातला, हे पुढे शंभर वर्षे स्पष्ट झाले नाही. २००१ मध्ये पूर्व घाटातील नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या वनात तो पुन्हा आढळला. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरविले. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात या गटाचा समावेश होण्यास २०१९ साल उजाडले. नामकरणापासून व्यापार-नियंत्रणापर्यंत १२० वर्षे लोटली! तोपर्यंत आकर्षक रंगामुळे हा कोळी परदेशांतील हौशी संग्राहकांच्या पेटाऱ्यांत पोहोचला होता.

या घटनेचा दुसरा अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. प्रसिद्धी ही दुधारी तलवार आहे. दुर्मिळ प्रजातीचे नेमके ठिकाण जाहीर झाले, की तस्करांनाही वाट सापडते. अभ्यासासाठी अचूक नोंद ठेवणे आणि सार्वजनिक माहितीत ठिकाण स्थूलमानाने देणे, असा विवेक म्हणूनच आवश्यक ठरतो.

तथापि बहुतेक लहान कोळ्यांना तस्करीपेक्षा अधिवासाच्या नाशाचा धोका अधिक आहे. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये, तर के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २०१३ मध्ये अहवाल सादर केला. त्यानंतर सहा राज्यांतील ५६,८०० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविण्याचा मसुदा २०१४ मध्ये निघाला. वायनाडमधील भीषण दरड दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ रोजी, सहावा मसुदा प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत सहा मसुदे निघूनही अंतिम निर्णय झाला नव्हता, यावरून प्रश्नाची गुंतागुंत स्पष्ट होते. राज्य सरकारांचे आक्षेप आणि उपजीविकेविषयी स्थानिकांच्या मनातील शंका दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. परंतु निर्णय लांबत असताना वनांचे तुकडे होणे थांबत नाही.

एवढ्याशा कोळ्यासाठी इतका विचार का करावा, असे कोणी विचारील. जगातील कोळी दरवर्षी सुमारे ४० ते ८० कोटी टन भक्ष्य, मुख्यतः कीटक, खातात, असा अंदाज २०१७ मधील एका अभ्यासात मांडण्यात आला. शेती आणि वने यांवरील किडींना आवर घालणारे हे विनावेतन सैन्य आहे. त्यातील किती तुकड्या नोंद होण्यापूर्वीच नाहीशा झाल्या, याची गणती कोणालाही करता येणार नाही.

म्हणून काही गोष्टी तातडीने होणे इष्ट आहे. प्रकल्पांच्या पर्यावरणीय मूल्यांकनात वाघ, पक्षी आणि वृक्ष यांच्या जोडीला पृष्ठवंशहीन प्राण्यांचीही गांभीर्याने पाहणी व्हावी. विद्यापीठांतून वर्गीकरणशास्त्राला पुन्हा मानाचे स्थान मिळावे. नव्या प्रजातीची नोंद होताच संबंधित वनविभागाने तिच्या अधिवासाची स्थिती तपासावी. कान आणि देवराया यांचे रक्षण त्या राखत आलेल्या गावांना विश्वासात घेऊनच करावे लागेल. शिवमोग्ग्यातील त्या इवल्या कोळ्याला जादूगाराचे नाव मिळाले आहे. पण ज्या वनाच्या आधाराने तो जगतो, ते राखण्याची जादू कोणत्याही टोपीत नाही. ते काम शासन आणि समाज यांनाच करावे लागेल.