परक्या लेकराचे पालकत्व

आईबापांवेगळ्या मुलास घरी आणणे हे पुण्यकृत्य खरे. परंतु त्याचे संगोपन करणे हे त्याहून कठीण कर्तव्य होय, असे आमचे नम्र मत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले शिक्षणार्थ पुण्यास नेली. तथापि आपल्या देगलूरसारख्या गावी निराधार मूल बहुधा मामा-मावशीच्याच दारी येते. २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही संस्थेपूर्वी कुटुंबाचा विचार करावा असे सांगितले आहे, व राज्याच्या बालसंगोपन योजनेतून अशा मुलांसाठी मासिक अनुदान मिळते.

पण अनुदानाने दप्तर येईल; अभ्यास कोण घेणार? वेळेवर जेवू घालणे, वेणीफणी करणे, तापात उशाशी बसणे, शाळेत येऊन प्रगती विचारणे, ही कामे पालकांचीच. घरची मुलगी शाळेस व आश्रित मुलगी भांड्यांस, असे जेथे घडते तेथे त्यास आश्रय न म्हणता चाकरी म्हणावे लागेल.

शिवाय दत्तकाप्रमाणे येथे मुलाचे आईबाप बदलत नाहीत. म्हणून त्यांचे नाव घरात आदरानेच निघावे. आणि आपण केलेला उपकार मुलास कधीही ऐकवू नये. ज्या घरात लेकरू दुसऱ्यांदा भाकरी मागताना कचरत नाही, तेथेच पालकत्व सफल झाले असे आम्ही समजतो.