रुमालाखालची बोटे



जिल्हा बैठकीला नाशिकात आलात आणि गंगापूर रोडने सोमेश्वरकडे निघालात की दोन्ही अंगाला क्लासच्या पाट्या दिसतात. इंग्रजी बोला, व्यक्तिमत्त्व घडवा, समोरच्याच्या मनातले ओळखा. या रस्त्याच्या कडेला एके काळी शेते होती. ती विकणारे शेतकरीच होते, आणि ज्यांनी घेतली त्यांना देहबोली कुठल्या क्लासने शिकवली नव्हती.

आता आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनाही हे वर्ग करावेसे वाटू लागले आहेत. हाताची घडी घातली म्हणजे नकार, नाक खाजवले म्हणजे खोटे, खुर्चीत पुढे सरकला म्हणजे माल हवा आहे, असे तिथे शिकवतात. माझे मत विचाराल तर फीचे पैसे वाचवा. माणसाकडे बघून तो खरे बोलतो की खोटे, हे ओळखण्याचे शेकडो प्रयोग झाले आहेत. २००६ साली दोन अमेरिकन संशोधकांनी त्यांची बेरीज मांडली, तेव्हा बरोबर ओळखण्याचे प्रमाण शंभरात ५४ निघाले. नाणे उडवले तरी ५० येतात. चार टक्क्यांसाठी कोणी क्लास लावत नाही.

मग व्यापारी आपल्याला इतके नेमके कसे ओळखतो? तो चेहरा वाचतच नाही, गाडी वाचतो. ट्रॅक्टर घरचा की भाड्याचा, भाड्याचा असेल तर ड्रायव्हर किती वेळा घड्याळ बघतो, आभाळ कुठल्या बाजूने भरले आहे आणि गाडीवर ताडपत्री आहे की नाही, हे त्याला लांबूनच दिसते. जवळ येऊन तो आपुलकीने विचारतो, "काय पाटील, कधी निघालात? पोरीचं कुठवर आलं?" आपण बापडे खरे सांगतो. पहाटे चारला निघालो, पंधरा दिवसांवर लग्न आहे. सौदा तिथेच झाला, भावाचे बोलणे नंतरचे. कापसाची मूठ दाबून सोडणे, बोंडातली कवडी काढून नाक मुरडणे, ज्वारीचा दाणा दाताखाली फोडून "काळा पडलाय" म्हणत थुंकणे, हे सगळे त्यानंतरचे नाटक. ते आपल्याला बघण्यासाठी असते. ते वाचत बसलो तर आपण त्याचे प्रेक्षक झालो.

बैलबाजारात हे उघड्या डोळ्यांनी दिसते. दोघे दलाल रुमालाखाली हात घालतात, बोटे धरतात, सोडतात, मान हलवतात. ज्याचा बैल तो शेजारी दोर धरून उभा. किती बोटे धरली हे त्याला दिसत नाही, दलाल सांगेल तो भाव. धान्याच्या बाजारातही हीच हत्ता पद्धत होती. ती मोडायला कायदा लागला. वऱ्हाडात कापसाच्या बाजाराचा कायदा १८९७ सालीच झाला, १९२८ साली शाही शेती आयोगाने सगळीकडे नियंत्रित बाजार करा म्हणून शिफारस केली, महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा. बाजार समित्यांनी पुढे आपले काय केले हा वेगळा विषय आहे, त्यावर या पानांत पुष्कळ लिहिता येईल. इथे सांगायचे ते एवढेच, की रुमाल बोटांसाठी नव्हता. मालकाला सौद्याबाहेर उभे करण्यासाठी होता. आज रुमाल गेला. त्या जागी ओलाव्याचे मशीन आले.

हे मशीन नीट समजून घ्या. भारतीय कापूस महामंडळ ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, १२ टक्क्यांपर्यंत टक्क्यामागे टक्का कापते, त्यापुढे माल घेतच नाही. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. म्हणजे ओलाव्याचा एक टक्का क्विंटलला ७५ रुपयांना पडतो, आणि ४० क्विंटलची गाडी असेल तर ३,००० रुपयांना. मशीन गाडीत कुठे खुपसले, वरच्या थरात की सकाळच्या दवाने भिजलेल्या कडेला, यावर हे ३,००० ठरतात. त्या वेळी खरेदीदाराच्या भुवयांकडे बघू नका, त्याच्या हाताकडे बघा. गावाने मिळून एक ओलावामापक घेतला आणि गाडी भरण्याआधी आकडा कागदावर लिहून नेला, तर बोलणे वेगळेच होते. "वाळलेला आहे हो साहेब" म्हणणाऱ्याशी कोणीही वाद घालतो. "घरी साडेनऊ आला होता, आता तेरा कसा?" म्हणणाऱ्यासमोर मशीन दुसऱ्यांदा लावावे लागते.

हार्वर्डचे रॉजर फिशर आणि विल्यम यूरी यांनी १९८१ साली वाटाघाटींवर पुस्तक लिहिले, त्यातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. सौदा मोडला तर तुमच्याकडे काय उरते, त्यावर तुमचे बळ ठरते. भाड्याची गाडी भरून बाजारात उभ्या असलेल्या माणसाकडे सौदा मोडला तर दुप्पट भाडे उरते. म्हणून आधी गाडी न्यायची नाही, नमुना न्यायचा. एकाने न्यायचा नाही, दोघांनी न्यायचा. एक बोलेल, दुसरा गप्प बसून आकडे लिहील, आणि "विचारून सांगतो" म्हणून दोघेही उठतील. आपल्याकडे माणूस गप्प बसला की समोरच्याला अपमान वाटेल म्हणून आपणच भाव सोडत जातो. बसू द्या गप्प. चहा मात्र प्या, चहाने कोणी विकला जात नाही.

पण माल धरून बसणे म्हणजेच बळ, असेही कोणी समजू नये. २०२१-२२ ला कापूस १० हजारांवर गेला. म्हणून २०२२-२३ ला घराघरांत कापूस भरून ठेवला, माणसे अंगाला खाज सुटेपर्यंत त्याच्यासोबत झोपली, आणि उन्हाळ्यात भाव सात हजारांच्या आसपास आला. व्यापाऱ्याला घाबरले नाहीत हे खरे, पण बाजार त्या व्यापाऱ्याच्याही हातात नव्हता. किती विकायचा आणि किती धरायचा, याची वाटणी वेचणीआधी घरात बसून करावी. बायकोला विचारून करावी, कारण उधारीचा खरा आकडा तिलाच ठाऊक असतो.

आता मोठ्या सौद्यांकडे येतो. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दुसऱ्या रात्री संपाच्या कोअर कमिटीचे लोक मुंबईला मुख्यमंत्र्यांच्या 'वर्षा' बंगल्यावर गेले आणि पहाटे संप मागे घेतल्याचे जाहीर झाले. जागा सरकारची, वेळ सरकारची, झोप मात्र आपल्या माणसांची मोडलेली. सकाळी नाशिक जिल्ह्याने तो निर्णय मानला नाही. ८ जूनला नाशिकात बैठक झाली, सुकाणू समिती पुढे आली, आणि ११ जूनला दिवसाउजेडी मंत्रिगटाशी बोलणी होऊन कर्जमाफी तत्त्वतः मान्य झाली. आठ दिवसांत सरकारचा स्वभाव बदलला नव्हता. बसण्याची जागा आणि वेळ बदलली होती.

पुढच्या वर्षी ६ मार्चला नाशिकहून लाल झेंड्याखाली आदिवासी शेतकरी पायी निघाले. झेंडा आपला नाही, पण शिकायला काय हरकत? दहावीच्या पोरांना परीक्षेला त्रास नको म्हणून ते शेवटचा टप्पा रात्रीच चालले आणि पहाटे आझाद मैदानावर पोहोचले. त्यांच्या सोललेल्या पायांचे फोटो देशभर गेले. त्या पायांना कुठल्या क्लासने अभिनय शिकवला नव्हता. १२ मार्चला लेखी आश्वासन मिळाले. तरीही त्यांना फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा निघावे लागले, हेही विसरू नये. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान भवनात पंजाब-हरियाणाच्या नेत्यांनी सरकारी जेवण नाकारून लंगरची भाजी-रोटी खाल्ली, आणि दोनच दिवसांनी 'हो की नाही' असे लिहिलेले कागद पुढे धरून ते मुक्याने बसले. मंत्र्यांना बोलायला वाक्यच उरले नाही. वर्षभराने तिन्ही कायदे मागे गेले, अर्थात त्यामागे दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसलेली माणसे होती.

म्हणून जिल्हा बैठकीसमोर मी ठराव मांडतो आहे. कलेक्टर असो, जिनिंगवाला असो की कंपनीचा साहेब, आपले शिष्टमंडळ पाचांचे असावे, त्यात दोन बाया असाव्यात आणि एकाने फक्त लिहावे. दिवस मावळल्यावर कुठलाही निर्णय द्यायचा नाही. आत काय ठरत आहे ते बाहेर येऊन सांगितल्याशिवाय सही करायची नाही. आणि प्रत्येक तालुक्याने वेचणीआधी एक ओलावामापक घ्यावा. येवला, नांदगाव आणि मालेगावच्या मंडळींनी तो कोणाकडे ठेवायचा ते नाव बैठकीला येतानाच ठरवून आणावे.