बिल्ल्याचे मानकरी

परवा रामलिंगाचे दर्शन घेऊन येडशी स्टेशनावर बसलो होतो. गाडी उशिरा होती आणि रिकाम्या माणसाचे मन मागच्या काळात फार हिंडते.

१९११ साल. त्या वर्षी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी येडशीवरून लातूरला पोचली आणि त्याच वर्षी २ डिसेंबरला पंचम जॉर्ज बादशहा राणीसाहेबांसह मुंबईला अपोलो बंदरावर उतरले. १२ तारखेला दिल्लीत दरबार भरला. येडशी तेव्हा निजामाच्या राज्यात. मीर उस्मान अली खानांना गादीवर बसून चार महिनेही झाले नव्हते, तोच दरबारात त्यांना 'स्टार ऑफ इंडिया'चा सर्वांत वरचा किताब मिळाला. दरबाराची पदकेही निघाली: सोन्याची दोनशेच्या घरात, संस्थानिकांना व बड्या साहेबांना, चांदीची हजारोंनी, बाकीच्यांना. शिवाय बादशाही मर्जीचा 'व्हिक्टोरियन ऑर्डर' होताच. १८९६ साली राणी व्हिक्टोरियाने काढलेल्या या मानाला प्रधानाची शिफारस लागत नसे. दौऱ्यात स्वारीची बडदास्त ठेवणाऱ्या साहेबांना त्याचा बिल्ला, खालच्या माणसांना नुसते पदक. स्वारी एकच, पण धातू हुद्दा पाहून!

हसू नका, मंडळी. आमच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात वरमाईची ऊठबस करणाऱ्या मामींना जरीचे लुगडे मिळाले. चार दिवस चुलीपुढे बसलेल्या काकूंना एक खण. काकू गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली, तर तळाशी तो खण निघाला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्यांनी तो जपला होता की रागाने ठेवून दिला होता, हे विचारायला आता उशीर झाला.

१९५० साली घटनेच्या अठराव्या कलमाने सरकारी किताब बंद केले, ते बरेच झाले. पण पाहुण्याची सेवा तेवढी मोठी आणि घरच्यांची ती रोजचीच, हा हिशेब कुठल्या कलमाने बंद व्हायचा?

एवढ्यात गाडी आली. हिरवी झेंडी घेऊन एक माणूस उन्हात उभा होता. त्याच्यासमोरून रोज शेकडो माणसे सुखरूप जातात. त्यांत बादशहा कोणी नसतो, एवढेच.

यंदा दिवाळीची पहिली साडी स्वयंपाकघरात न्यावी म्हणतो. बैठकीतल्या पाहुण्यांचे मागाहून पाहू.