पंतांच्या नावावर किती देवळे?

माझे गाव नेर. पाहुण्याला पत्ता देताना मात्र 'नेर परसोपंत' असे पुरते सांगावे लागते, नाहीतर तो अमरावती जिल्ह्यातल्या नेर पिंगळाईला उतरायचा. एखादा पंत नावाला चिकटला की सुटत नाही. शब्दांचेही तसेच आहे.

इंग्रजीत जाचक कायद्याला 'ड्रॅकोनियन' म्हणतात, ते अथेन्सच्या ड्रॅकोवरून. इसवी सनापूर्वी सातव्या शतकातल्या त्याच्या कायद्यांत किरकोळ चोरीलाही देहदंड होता म्हणे! आपल्याकडे लहरी हुकूम तो 'तुघलकी'. महंमद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली, ती अजून त्याला भोवते आहे. गंमत अशी की, याच देवगिरीच्या दरबारातल्या एका मंत्र्यावरून मराठीला आणखी एक विशेषण मिळाले: हेमाडपंती.

हेमाडपंत म्हणजे हेमाद्री. तेराव्या शतकातल्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, 'चतुर्वर्गचिंतामणी' या ग्रंथाचा कर्ता. चुना न वापरता, घडीव दगड एकमेकांत बसवून उभारलेले देऊळ ते हेमाडपंती. आमच्या यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या कमलेश्वरालाही हेच विशेषण. इथवर ठीक. पण अंबरनाथच्या शिवमंदिरालाही आपण सर्रास हेमाडपंतीच म्हणतो. तिथला शिलालेख शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा, राज्य शिलाहारांचे. दोनशे वर्षे आधीचे देऊळ पंतांच्या खाती कसे?

ड्रॅको आणि तुघलक यांच्या नावावर त्यांचीच करणी आहे. हेमाडपंतांच्या नावावर मात्र दुसऱ्यांचीही.

शब्द टाकून द्या, असे मी म्हणत नाही. बांधणी सांगायला तो उत्तमच आहे. माझी तक्रार आपल्या आळसाबद्दल आहे. 'हेमाडपंती आहे' म्हटले, की कोणत्या शतकातले, कोणाच्या राज्यातले, हे विचारणेच संपते. मग जीर्णोद्धाराच्या हौसेने कुणी भिंतींना ऑइलपेंट फासतो, कुणी टाइल्स बसवतो. एखादी कोरलेली ओळ त्याखाली कायमची जाते. आणि बांधणाऱ्याचे खरे नाव नेमके त्याच ओळीत असू शकते.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन अशा देवळात गेलात, तर दर्शनानंतर खांबांवर, चौकटीवर अक्षरे शोधा. दिसली, तर रंगाचा डबा तेवढा दूर ठेवायला सांगा. त्याने पंतांचे पुण्य काही कमी होणार नाही.