कीर्तनाचा रंग आणि यंत्राचा कौल

आषाढ शुद्ध एकादशीचा हा पर्वकाळ. वैष्णवांचे मेळे चंद्रभागेच्या वाळवंटी पोहोचले आहेत, आणि ज्यांस यंदा पंढरीस जाणे घडले नाही त्यांनी आपापल्या गावच्या विठ्ठलमंदिरात हरिजागराची तयारी केली आहे. आजपासून चातुर्मास लागतो. कार्तिकीपर्यंत सभामंडपातून टाळ-मृदंगाचा घोष चालू राहील. अशा मंगल दिवशी भ्रमणध्वनीवरील चाळीस-पन्नास सेकंदांच्या चित्रफितींविषयी लिहावयास घेणे काही वाचकांस अप्रशस्त वाटेल. परंतु आज सकाळी आपल्याच घरात पाहावे. फराळाची खिचडी पानात पडेपर्यंत आजोबांच्या हातात जो फोन आहे, त्यावर बहुधा कीर्तनाचाच एखादा तुकडा चालू असेल. तो तुकडा आजोबांनी शोधून काढलेला नाही. असंख्य तुकड्यांतून तो निवडून त्यांच्यापुढे कोणी ठेवला, हे पाहणे आवश्यक झाले आहे; कारण त्या निवडीचा परिणाम आता नारदाच्या गादीपर्यंत पोहोचला आहे.

ही गोष्ट कशी घडली हे स्मरण्यासाठी २०२० सालची आषाढी आठवावी. त्या वर्षी महामारीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एसटीने पंढरपुरास गेल्या. देवळे बंद, सप्ताह बंद, मंडप रिकामे. त्या वर्षी एकादशी १ जुलैस होती, आणि तिच्या दोनच दिवस आधी, २९ जूनला, केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. टिकटॉकवर ज्यांनी दोन-तीन वर्षे खपून लाखो अनुयायी मिळविले होते, अशा खेड्यापाड्यांतील कितीतरी होतकरू मंडळींचा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. जुलैतच इन्स्टाग्रामचे रील्स भारतात आले, सप्टेंबरात यूट्यूबने आपल्या शॉर्ट्सचा पहिला प्रयोग भारतातच केला, मोज व जोश ही देशी अ‍ॅप्सही त्याच वर्षी निघाली. घरी बसलेले श्रोते आणि घरी बसलेले कीर्तनकार यांची गाठ पडली ती या नव्या दुकानांत.

येथे जुन्या वाचकांसाठी थोडा खुलासा करणे इष्ट होईल. पूर्वी ज्याचे अनुयायी अधिक त्याचे प्रेक्षक अधिक, असा साधा हिशेब होता. वर्तमानपत्राच्या वर्गणीदारांसारखाच तो प्रकार. टिकटॉकने तो मोडला. जून २०२० मध्ये त्या कंपनीने आपली शिफारस करण्याची रीत स्वतःच प्रसिद्ध केली. तीत म्हटले होते की, खात्याचे अनुयायी किती आहेत किंवा त्याच्या आधीच्या फिती किती गाजल्या, याला शिफारशीत थेट स्थान नाही. उलट एखाद्याने लांब फीत आरंभापासून शेवटपर्यंत पाहिली, तर ती आवडल्याची ती बळकट खूण समजली जाते. इतरांनीही थोड्याफार फरकाने हीच वाट धरली. नवी फीत प्रथम थोड्या लोकांपुढे ठेवावी. ते थांबले की अंगठ्याने वर सरकवून पुढे गेले हे पाहावे. थांबले असतील तर अधिक लोकांपुढे न्यावी. नसतील तर तेथेच तिचा खेळ संपवावा. शॉर्ट्स करणाऱ्याला यूट्यूब हा हिशेब दाखविते देखील: शंभरांपैकी किती जणांनी पाहिले आणि किती जणांनी सरकवून टाकले. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितले की, त्यांच्याकडे तीन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या आहेत: किती वेळ पाहिले, किती जणांनी पसंती दिली, आणि किती जणांनी दुसऱ्यास पाठविले. अनोळखी प्रेक्षकांपर्यंत पोहोचावयाचे असेल तर पाठविण्याला किंचित अधिक वजन आहे.

या हिशेबाला अल्गोरिदम म्हणतात. शब्द परका असला तरी त्याचे आपल्याशी दूरचे नाते आहे. नवव्या शतकातील अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून तो आला, आणि याच पंडिताने हिंदुस्थानी दशमान अंकगणितावर ग्रंथ लिहिला. असो.

आता आमच्या परिचयातील एका तरुण कीर्तनकारांची हकिकत सांगतो. मराठवाड्यातील एका लहान गावचे हे महाराज. घरी तीन पिढ्यांची वारी, पाठांतर दांडगे, आवाज खडा. त्यांचा भाचा महाविद्यालयात शिकतो. तो मामांच्या कीर्तनांचे चित्रण करून फोनवर घालीत असे. दोन-दोन तासांची संपूर्ण कीर्तने तो घाली आणि ती दोन-तीनशे लोक पाहात. एकदा त्याने एका कीर्तनातील सासू-सुनेचा एक विनोदी दृष्टांत तेवढा कापून घातला. मूळ कीर्तनात तो दृष्टांत मायेच्या विवरणात आला होता. हसणे ओसरताच महाराजांनी अभंगाच्या दुसऱ्या चरणाकडे श्रोत्यांस वळविले होते. कापलेल्या तुकड्यात हसणे तेवढे राहिले. चार दिवसांत तो लाखो लोकांनी पाहिला. महाराजांच्या गावात माणसे नाहीत इतके लोक पुण्या-मुंबईतून, दुबईतून, अमेरिकेतून त्यावर हसले.

पुढचे वर्ष सुखाचे गेले असे म्हणता येत नाही. आमंत्रणे वाढली, बिदागी वाढली. पण आमंत्रण देणारे फोनवरच सांगत, ‘महाराज, तो सासू-सुनेचा किस्सा मात्र घ्याच.’ भाचा पुढील फिती घाली त्यांपैकी निरूपणाच्या फिती पडून राहात आणि विनोदाच्या चालत. आणि लाख लोकांनी पाहिलेल्या तुकड्याचा पुढच्या तुकड्यास फारसा उपयोग होत नसे. प्रत्येक वेळी पुन्हा शून्यापासून परीक्षा. परवा महाराज आमच्याकडे उतरले होते. रात्री जेवणानंतर म्हणाले, ‘काका, आताशा अभंग निवडताना आधी मनात येते, यात किस्सा कुठे बसेल? प्रमाणे नंतर आठवतात.’ हे सांगताना ते हसले नाहीत.

कोणी म्हणेल, कीर्तनकाराने श्रोत्यांचे मन राखणे यात नवे काय? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर नीट शोधले पाहिजे. कीर्तनकाराइतके श्रोत्याच्या लक्षाचे मोजमाप कोण करतो? तो उभ्याने बोलत असतो, समोर शे-दोनशे चेहरे असतात. तिसऱ्या रांगेतील म्हातारबा पेंगू लागले, बाया कुजबुजू लागल्या, पोरे चुळबुळू लागली, हे त्याला बोलता बोलता कळते. मग तो मृदंगाचार्यांकडे पाहतो, विठ्ठलनामाचा गजर उठवितो, टाळकरी पावली धरतात; नाहीतर एखादा दृष्टांत काढतो. गाडगेबाबांची तर रीतच अशी होती की, ते श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घेत. समोरचा माणूस झोपेल कसा? लक्ष धरून ठेवण्याची कला आमच्या परंपरेला यंत्राने शिकवावी अशी मुळीच परिस्थिती नाही.

फरक आहे तो लक्ष ढळल्यानंतर काय होते यात. मंडपात श्रोत्याचे मन भरकटले की कीर्तनकार त्याला मूळ अभंगापाशी परत आणतो. दृष्टांत असतो तो त्या परतीसाठी. फोनवर मन क्षणभर ढळले की यंत्र त्याच क्षणी दुसरा विषय पुढे करते. कीर्तनाच्या जागी क्रिकेट, क्रिकेटच्या जागी पाककृती. श्रोत्याला परत आणण्याची त्याला गरजच नाही. त्याला श्रोता फोनपाशी हवा, अभंगापाशी नव्हे. म्हणून त्या पडद्यावर टिकावयाचे तर पहिल्या दोन-तीन सेकंदांत लक्ष खिळविणारे काहीतरी असावेच लागते. पूर्वी नमन, मग भजन, मग अभंगाचे उच्चारण, मग हळूहळू चढणारा रंग; या क्रमाला तेथे जागा उरत नाही. काही मंडळी तर फितीचा शेवट आरंभाला असा जोडतात की ती पुन्हा सुरू झाल्याचे पाहणाऱ्यास कळू नये. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्स सुरू झाली वा पुन्हा फिरली की ती पाहिली असेच मोजावयास आरंभ केला. त्यामुळे बाहेर दिसणारे आकडे अधिकच फुगले. खरोखर थांबून पाहणाऱ्यांचा आकडा वेगळा ठेवला जातो आणि पैशाचा हिशेब त्यावरूनच होतो, हे सामान्य प्रेक्षकास ठाऊक नसते.

पैशाचे म्हणावे तर तेही अनेकांच्या कल्पनेइतके नाही. शॉर्ट्सच्या जाहिरातींतील वाटा मिळू लागण्यासाठी एक हजार वर्गणीदार आणि नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिले जाणे आवश्यक असते. (लांब फितींसाठी वेगळी अट आहे.) खेड्यातील कीर्तनकाराने हा पल्ला गाठावयाचा तर तो कशाच्या बळावर गाठेल, हे सांगावयास नको.

तरीही या यंत्राला सरसकट दूषण देणे आम्हांस मान्य नाही. आकाशवाणीच्या काळात आवाजाची चाचणी द्यावी लागे, पुढे ध्वनिफितींच्या काळात कंपनीच्या मालकाचे मन वळवावे लागे. मराठवाड्यातील त्या लहान गावच्या तरुणाला त्यांपैकी एकही दार उघडले असते की नाही, कोण जाणे. स्त्री-कीर्तनकारांना कित्येक ठिकाणी गादीवर उभे राहू देण्यास लोक कुरकुरत. त्यांची कीर्तने आज घरोघरी ऐकली जात आहेत, यात या फोनचा वाटा आहे. अनोळखी माणसाला अनोळखी श्रोत्यापर्यंत नेण्याचे एवढे मोठे साधन पूर्वी झाले नव्हते. आमची तक्रार आहे ती त्याच्या परीक्षेविषयी. ही परीक्षा श्रोता किती क्षण थांबला एवढेच विचारते. कीर्तन ऐकून घरी गेल्यावर रात्री त्याला झोप लागली नाही, दुसऱ्या दिवशी त्याने भावाशी अबोला सोडला, या गोष्टी तिच्या वहीत कोठेच येत नाहीत. यूट्यूब कधी कधी प्रेक्षकास ‘हे कसे वाटले’ असे विचारते खरे. पण आपल्यापैकी किती जण त्या प्रश्नाला उत्तर देतात?

आणि येथे दोष वाटून घ्यावा लागतो. यंत्राला स्वतःची आवड नाही. ते आपली आवड मोजते, आणि तीही आपण सांगतो ती नव्हे तर आपला अंगठा सांगतो ती. आपण कुटुंबाच्या गटात सकाळी काय पाठवितो ते आठवावे. विनोदी तुकडा पाहताक्षणी दहा जणांस पाठविला जातो; चार मिनिटांचे निरूपण ‘सवडीने ऐकू’ म्हणून बाजूस पडते आणि ती सवड येत नाही. पाठविण्याला वजन आहे हे वर सांगितलेच. म्हणजे महाराजांच्या पुढच्या कीर्तनात काय असावे, याविषयी आपण सर्वांनी मिळून नकळत मत दिलेले असते.

म्हणून या चातुर्मासापुरती एक सूचना कराविशी वाटते. बहुतेक घरांत आता मोठ्या दूरचित्रवाणी संचावर यूट्यूब लागते. आठवड्यातून एकदा, गुरुवारी वा एकादशीस, सर्वांनी बसून एक कीर्तन आरंभापासून काल्यापर्यंत किंवा आरतीपर्यंत ऐकावे, मध्ये पुढे न सरकविता. ज्यांचे ऐकले त्यांचे नाव स्वतः शोधून काढलेले असावे, समोर आलेले नव्हे. आणि दुसऱ्यास पाठवावयाचेच तर निरूपणाचा तुकडा पाठवावा. याने जग बदलेल असा आमचा दावा नाही. पण यंत्राला संपूर्ण पाहिलेली फीत ही खूण कळते, तेव्हा निदान ती खूण आपण देऊ शकतो.

महाराज परवा सकाळी निघाले. जाण्यापूर्वी भाच्याने रात्रीच्या कीर्तनातील दोन तुकडे त्यांना दाखविले: एक पोपटरावांच्या लग्नाच्या किश्शाचा, दुसरा दीड मिनिटाचा, ज्यात ते काही न बोलता श्रोत्यांकडे पाहात उभे आहेत आणि मागे मृदंग हळू हळू चढतो आहे. ‘हा कोणी पाहणार नाही, मामा,’ भाचा म्हणाला. महाराजांनी तोच घालावयास सांगितला. काल आम्ही पाहिले तेव्हा आकडा हजारालाही पोहोचला नव्हता. खाली एका बाईंनी लिहिले होते की, हे कीर्तन पुरे कोठे ऐकावयास मिळेल?