वेमिक ढोंगी नव्हता



आजची पोस्ट जरा लांब आहे आणि विषय आपल्या इंदूरचा नाही, दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनचा आहे. पण शेवटपर्यंत वाचा, फिरून आपल्याच घरी येणार आहोत.

नातीला बी.ए.ला डिकन्सची 'ग्रेट एक्सपेक्टेशन्स' ही कादंबरी आहे. १८६०-६१ मध्ये साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आलेली. ती आणि तिच्या मैत्रिणी आमच्याकडे अभ्यासाला जमतात. नायक पिप त्यांना कळतो. लग्नाच्या पोशाखातच म्हातारी झालेली मिस हॅविशमसुद्धा कळते. गाडी अडते ती वेमिकपाशी.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेमिक हा जॅगर्स नावाच्या बड्या फौजदारी वकिलाचा कारकून. ऑफिसात चेहरा लाकडासारखा, तोंड टपालपेटीच्या फटीसारखं. फाशी गेलेल्या अशिलांच्या अंगठ्या अंगावर वागवतो. खिशात मावेल अशी चीजवस्तू हाती आली की सोडायची नाही, हा त्याचा मूलमंत्र. आणि हाच माणूस संध्याकाळी वॉलवर्थला घरी गेला की निराळाच. इवलंसं लाकडी घर, पण त्याने त्याचा किल्ला केलाय! भोवती चार फूट रुंद नि दोन फूट खोल खंदक, त्यावर एक फळी. आत गेलं की फळी उचलायची. रविवारी झेंडा, रोज रात्री ठीक नऊला तोफ. घरात ठार बहिरे म्हातारे वडील, त्यांची सेवा हा जिवापाड करतो.

मुलींमध्ये तीन पक्ष पडले. एक म्हणते, डोकं फिरलेला आहे. दुसरी म्हणते, डिकन्सने हसवायला घातलाय, परीक्षेपुरतं लिहून मोकळं व्हावं. तिसरी जरा तिखट, ती म्हणते, "आजोबा, हा सरळसरळ दोगला आहे. खरा वेमिक कुठला?"

माझं मत असं की वेमिक ढोंगी नाही, आणि तो कळायला साहित्यापेक्षा नोकरीचा अनुभव जास्त कामी येतो. मी कॉमर्सवाला माणूस. बँकेत लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी निष्ठेच्या आणि गोपनीयतेच्या कागदावर सही घेतली होती. कोणाचा हप्ता थकलाय, कोणाच्या खात्यात किती, हे घरी सांगायचं नाही. ज्याला सकाळी काउंटरवर थकबाकीची आठवण करून द्यायची, तोच संध्याकाळी गणपतीच्या मांडवात शेजारी बसून आरती म्हणायचा. त्याच्या कर्जाबद्दल आमच्या घरात कधी चकार शब्द निघाला नाही. याला कोणी दोगलेपणा म्हणेल काय? आम्ही याला मर्यादा म्हणायचो.

आता कादंबरीतला पुरावा बघा. पिपला आपला मित्र हर्बर्ट याला गुपचूप भांडवल देऊन धंद्यात उभं करायचंय. तो ऑफिसात वेमिकचा सल्ला विचारतो. वेमिक बोटांवर लंडनचे सहा पूल मोजून दाखवतो नि म्हणतो, यातला एक निवड आणि पैसे नदीत टाक, परिणाम तोच. मला यात काही वावगं वाटत नाही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे मी टेबलापलीकडच्या माणसांना असंच कोरडेपणाने सांगत आलो. पुढे पिप रविवारी किल्ल्यावर जातो आणि तोच प्रश्न घरच्या वेमिकला विचारतो. आता उत्तर बदलतं. वेमिक आपल्या मैत्रिणीच्या, मिस स्किफिन्सच्या, हिशेबनीस भावाला मध्ये घालतो आणि पाचशे पौंडांतले निम्मे रोख, शिवाय आणखी रकमा पुढे हप्त्यांनी, असा व्यवहार जुळवून देतो. पिपची सगळी दौलत पुढे बुडते. पण हर्बर्टला ज्या पेढीत भागी मिळाली, तिथेच पिप कारकून म्हणून लागतो आणि शेवटी भागीदार होतो. सबंध कादंबरीत वसूल झालेली गुंतवणूक एवढीच, आणि तिचा सौदा किल्ल्यावर ठरला होता!

म्हणून 'खरा कुठला' हा प्रश्नच मला पटत नाही. दोन्ही खरे. माणसाची परीक्षा दोन्हींत ओढाताण होते तेव्हा लागते, आणि वेमिकने वेळेला फळी खाली टाकली.

या भिंतीची किंमतही असते, ती डिकन्सने लपवलेली नाही. एक रडवेला गरीब अशील ऑफिसात येतो, तर हाच पितृभक्त वेमिक त्याच्यावर खेकसतो, आणि इथे भावना-बिवना चालणार नाहीत असं जॅगर्सने सुनावल्यावर त्यालाच दुजोरा देतो. हे वाचताना मला बरं वाटत नाही. भिंत हवी, पण तिला दार हवं.

आपण इंदूरकर मराठी माणसांनी अशी फळी पिढ्यान्‌पिढ्या वापरली आहे. बाहेर हिंदी, उंबरठ्याच्या आत मराठी. त्यामुळे भाषा टिकली, हे खरं. पण कित्येक घरांत ती आतच राहिली, पोरांना आजी-आजोबांपलीकडे मराठी बोलायला माणूस उरला नाही, हेही तितकंच खरं.

आणि मुलींना वेमिक का कळत नाही, याचं कारण मला वेगळंच वाटतं. त्यांनी ऑफिसातून घरी आलेला बाप पाहिलेलाच नाही. बाप घरात असतो, पण कानाला फोन, मांडीवर लॅपटॉप. जेवणाच्या ताटावर कोणाची नोकरी जाणार याची चर्चा चालते, पोरं ऐकतात. फळी चोवीस तास खाली टाकलेली. किल्ला कसा असतो, हे त्यांना कुठून समजणार?

मुलींना सर्वांत जास्त हसू येतं त्या तोफेचं. त्यांना मी एवढंच विचारलं की ती तोफ कोणासाठी उडते? वडील ठार बहिरे. मुलाचं बोलणं त्यांना ऐकू येत नाही, म्हणून पाहुण्यांना तो सांगतो की त्यांच्याकडे बघून मान डोलवत राहा. पण रात्री नऊची तोफ मात्र त्यांना ऐकू येते, आणि ते लहान मुलासारखे खूश होतात. दिवसभर फाशीच्या कैद्यांत वावरून आलेला माणूस रोज बापाला ऐकू येईल असा एक आवाज काढतो.

याला विक्षिप्तपणा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. परीक्षेत लिहायचं तेही लिहा. पण तुमच्या घरात नऊची तोफ कोणती, ती कोणासाठी उडते आणि अजून उडते की नाही, हे जरा आठवून बघा. कमेंटमध्ये कळवा, हिंदीत लिहिलंत तरी चालेल.